वर थांबलेला दगड

मास्तरांच्या शेरवानीला दोन खिसे होते आणि दोन्ही कायम ओघळलेले असत. डाव्यात गवंड्याचा पितळी ओळंबा, दोरीसकट. उजव्यात धुतलेले गोटे, पाच-सहा तरी. शेरवानी कितीही नवी असली तरी महिन्याभरात तिचं पोतं होई. बाजारातून ते पुढं आणि मी मागं असे निघालो की त्यांच्या खिशातून खडखड आवाज यायचा, पानवाला हसायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी बावीस वर्षांचा होतो. त्या वयात माणसाला दुसऱ्याच्या शेरवानीचीसुद्धा लाज वाटते.

हे निजामाच्या अंमलातलं सांगतो आहे. लढाई चालू होती, रॉकेलची मारामार होती, आणि उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही दोघं एका शाळेत होतो. शाळेत सगळं उर्दूतून चाले. मास्तर तबीयात शिकवीत, म्हणजे आजचं पदार्थविज्ञान. मी ड्रॉइंग शिकवायचो. ते चाळिशी ओलांडलेले, एकटे, गळ्यात लिंग, घरची भाषा कानडी. गावात भाड्याची खोली मिळेना म्हणून हेडमास्तरांनी आम्हाला एका खोलीत बांधून दिलं, एवढाच सुरुवातीचा संबंध. तो मला जन्मभर पुरला.

त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं. "घड्याळाला किल्ली द्यावी लागती. ओळंब्याला काय द्यावं लागतंय?" असं विचारत. दोरी एकोणचाळीस इंच धरली की ओळंब्याचा इकडून तिकडं एक झोका बरोबर एका सेकंदाचा होतो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी, मी ट्रंक खाली ठेवायच्या आत, करून दाखवलं. झोके मोजत ते कानडीत. शिकवायचे उर्दूत, माझ्याशी बोलायचे मराठीत, आणि मोजायचं आलं की ओंदु, एरडु, मूरु. "मोजायला आईनं शिकवलं," म्हणायचे, "ते तिच्याच तोंडानं येतंय."

आणि गोटे होते ते आडात टाकायला. दिसला आड की मास्तर थांबलेच. एका हातात ओळंबा झुलतोय, दुसऱ्या हातातून गोटा सुटला, ओंदु, एरडु, खालून बुडुक. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून ते पाणी किती खोल आहे ते सांगणार. बेंबळीला एका विद्यार्थ्याच्या घरी आम्ही जेवायला गेलो होतो, तिथं त्यांच्या नव्या आडावर हा प्रकार सुरू झाला. विद्यार्थ्याची आजी काठी टेकत बाहेर आली.

"अवो मास्तर, प्याच्या पान्यात धोंडं टाकताव व्हय?"

"धुतलेला हाय, आजी. तेरणेतला गोटा हाय. साबण लावून धुतलाय."

"म्हंजे आता पान्यात साबन बी!"

मी तोंड फिरवून हसलो. मास्तर मात्र गंभीरपणे म्हणाले, "चौसष्ट फूट. त्रेचाळीस हात सोल आणा, आजी, गाठीला दोन हात वरती धरा." आठवड्यानं त्या घरातनं शेंगांची पाटी आली. सोल, म्हणजे आडाचा दोर, बरोबर पुरला होता. त्यानंतर आसपासच्या गावांतून मास्तरांना गोटा टाकायला बोलावणी येऊ लागली आणि मला त्यांच्यामागनं चालायची जरा कमी लाज वाटू लागली.

पण त्यांचं खरं वेड गोट्यांचं नव्हतं. गणित सोडवायचं कसं, याचं होतं. "एक गाडी उतारावर थांबलेली होती" एवढं वाचलं की वर्गातली हुशार पोरं लगेच सूत्र शोधायला धावत. मास्तर डस्टर आपटत. रागावले की त्यांची उर्दू संपे आणि मराठी सुरू होई. "हात खाली! आकड्याला शिवायचं न्हाय. आधी सांगा, गाडी कुठं हाय? काय करायलीय?" मग फळ्यावर तीन घरं आखायची: दिलेलं, लपलेलं, विचारलेलं. त्यांच्या रेघा इतक्या वाकड्या यायच्या की घरं एकमेकांच्या अंगावर पडत. म्हणून पुढं पुढं अवघड धडा असला की ते मला वर्गात बोलवून आकृती काढायला लावत.

तिन्हींत त्यांचं लाडकं घर लपलेल्याचं. "'थांबलेली होती' यात आकडा दिसत न्हाय. पण हाय! शून्य हाय, लपून बसलाय. 'दगड सोडला' म्हणलं की तिथं बत्तीस लपलाय, जमिनीच्या ओढीचा. लपलेलं काढा, उत्तर आपल्या पायानं येतंय." हे त्यांनी फक्त गणितापुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या जेवणाच्या बाई एकदा म्हणाल्या, आज भाजी नाही. मास्तर म्हणाले, "हे दिलेलं झालं. लपलेलं काय? सकाळी वांगी होती." बाईंना शेवटी कबूल करावं लागलं की वांगी जावयाकडं गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या पानात वांगी होती आणि बाईंच्या तोंडाला कुलूप होतं.

माझं गणित म्हणजे आनंदच होता. मास्तरांना ते सहन होईना. एका रविवारी त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि विचारलं, "उतारावरची गाडी थांबलेली होती. सुटली. चाल सारखी वाढत चाललीय. पहिल्या सेकंदात चार फूट गेली, तर तीन सेकंदांत किती?" मी म्हणालो, बारा. त्यांनी बाजेवर शेंगदाणे मांडायला सुरुवात केली. पहिल्या सेकंदाचा एक, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे पाच. "एक दाणा म्हणजे चार फूट. मोजा." नऊ दाणे झाले, म्हणजे छत्तीस फूट. दर सेकंदाला दोन-दोन दाणे जास्त, कधी कमी नाही, कधी जादा नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा गणिताकडं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मग आम्ही ते छत्तीस फूट खाऊन टाकले.

चाल दर सेकंदाला जेवढी बदलते, तिला उर्दूत इसरा म्हणत. मास्तर हा शब्द लेकराला हाक मारावी तसा उच्चारत. त्या इसऱ्याचाच त्यांनी मला एक प्रश्न घातला, आणि हे सगळं लिहायला मी बसलो तो त्या प्रश्नासाठीच.

खोलीसमोरच्या अंगणात त्यांनी एक गोटा सरळ वर फेकला आणि झेलला. "वर टोकाला गेला तवा थांबला का न्हाय?"

"थांबला. क्षणभर."

"मग त्या क्षणाला चाल किती?"

"शून्य."

"आणि इसरा?"

"शून्यच की. थांबलाय म्हटल्यावर."

मास्तरांनी गोटा माझ्या हातावर ठेवला. "चाल बी न्हाय आणि इसरा बी न्हाय, तर तो तिथंच राह्यला पाहिजे. जेवून या, हात धुऊन या, गोटा वरच. फेका." मी फेकला. खाली आला. "का आला?" मी पुन्हा फेकला. त्या सकाळी मी चाळीसएक वेळा तरी तो गोटा वर फेकला असेन. हळूहळू डोक्यात शिरलं. जमीन त्याला सगळा वेळ ओढतेच आहे. वर जाताना ओढते, खाली येताना ओढते आणि वर थांबलेला दिसतो तेव्हाही तेवढीच ओढते. बत्तीस फूट, खालच्या बाजूला. मी तसं म्हटल्यावर मास्तर इतके खूश झाले की त्यांनी तो गोटा मलाच देऊन टाकला.

आता तेर गावची गोष्ट. माझी नोकरी आरजी होती, म्हणजे तात्पुरती. तेरची एक मुलगी सांगून आली होती. मला वडील नव्हते, चुलते अंथरुणाला खिळलेले, म्हणून वडीलधारे म्हणून मी मास्तरांना बरोबर नेलं. ही माझी चूक. पोहे झाले, मुलगी येऊन गेली, मला ती फार आवडली. मुलीचे वडील म्हणाले, "पाव्हणं, मुलगा सरकारी नोकरीत हाय, आमाला आनखी काय पायजे?"

मास्तर म्हणाले, "थांबा. यात एक लपलेलं हाय. नोकरी आरजी हाय, मुस्तकिल न्हाय. उद्या काढून बी टाकतील. हे आधी लिहून घ्या, मग उत्तर काढा."

मुलीचे वडील खाकरले. "मग मुस्तकिल झाल्यावर या. दिवाळीपातुर आमी दुसरीकडं बगत न्हाय."

परतीच्या मोटारीत मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. शेवटी तेच म्हणाले, "आत्ता लपवलं असतं तर म्होरं निघालंच असतं. लग्नानंतर निघालं असतं तर तिचे हाल झाले असते." मला तेव्हा तिचे हाल दिसत नव्हते, फक्त माझे दिसत होते. दिवाळीला चार महिने होते. त्याआधी शाळा तपासणारे मोहतमीमसाहेब येणार होते आणि मी मुस्तकिल होणार की घरी जाणार हे त्यांच्या शेऱ्यावर होतं.

मोहतमीमसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. अत्तर लावलेला, हळू बोलणारा, फारसीतला विद्वान. हेडमास्तरांनी भिंतींना चुना दिला होता आणि पोरांकडून सलाम घोटून घेतले होते. साहेब नववीच्या वर्गात आले तेव्हा मास्तरांचा तास चालू होता आणि नेमका वर फेकलेल्या दगडाचा धडा चालू होता. मी आकृती काढायला फळ्यापाशी उभा होतो. उभी रेघ काढली होती, खाली माणूस, वर टोकाला दगड. चौसष्ट फुटांच्या चालीनं फेकलेला, चौसष्ट फूट उंच गेलेला.

साहेबांना आकृती आवडली. पहिल्या बाकावरच्या मुलाला त्यांनी विचारलं, "बेटे, ऊपर पत्थर की रफ्तार क्या है?"

"सिफर, साब."

"और इसरा?"

"बत्तीस फूट, साब. नीचे की तरफ."

साहेब हसले. "जो ठहरा हुआ है, उस का इसरा कैसा? सिफर कहो."

मुलगा गोंधळून मास्तरांकडं बघायला लागला. मास्तर पुढं झाले. "साब, लड़के ने ठीक कहा."

हेडमास्तरांचा चेहरा नव्या चुन्यासारखा झाला. ते साहेबांच्या मागून मास्तरांना हातानं 'जाऊ द्या, जाऊ द्या' करत होते. साहेब आवाज न चढवता माझ्याकडं वळले. "तस्वीर तो आप की है. आप बताइए, ड्रॉइंग मास्टर."

अंगणातला तो गोटा त्या वेळी माझ्या ट्रंकेत होता. मला उत्तर माझ्या नावासारखं ठाऊक होतं. पण मला तेरचं ते घर दिसलं, आणि शेऱ्याचा कागद हातात धरून उभा असलेला साहेबांचा कारकून दिसला. मी म्हणालो, "सिफर, साब."

"लिख दीजिए."

मी दगडाशेजारी शून्य काढलं. ड्रॉइंग मास्तरचं शून्य होतं ते, कंपासनं काढल्यासारखं गोल. मास्तरांकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. ते चालत फळ्यापाशी आले, माझ्या बाजूचं फडकं उचललं, शून्य पुसलं आणि त्यांच्या त्या वाकड्या अक्षरात बत्तीस लिहिलं. मग खिशातून गोटा काढून साहेबांपुढं धरला.

"इसरा सिफर हो तो पत्थर वहीं रहेगा, साब. बाहर चलिए, फेंक के देखते हैं. खाना खा के आएँगे, तब तक ऊपर रहा तो आप सही."

पोरं हसली. अख्खा वर्ग हसला. साहेबांना उत्तर चुकल्याचं तेवढं लागलं नसतं, पण पोरांचं हसणं लागलं. ते वर्गाबाहेर पडले.

संध्याकाळी खोलीत मी शिव्या खायच्या तयारीनं बसलो होतो. मास्तरांनी चूल पेटवली, पिठलं केलं, माझं पान वाढलं. जेवताना एवढंच म्हणाले, "तुमचं शून्य लई गोल आलं होतं. मला तसं कधी जमलं न्हाय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा त्यांना येतच नव्हता. टोमणा असता तर मला ते पिठलं गिळता आलं असतं. 'चुकलो' हा एक शब्द म्हणायचा होता, आणि तो मी त्या दिवशी म्हणालो नाही, दुसऱ्या दिवशी म्हणालो नाही, आणि मग रोज तो आणखी अवघड होत गेला.

महिन्याभरात दोन हुकूम एकाच पाकिटातून आले. मी मुस्तकिल झालो. मास्तरांची बदली सोनारीला, प्राथमिक शाळेत झाली. अ-आ-ई आणि पाढे. तबीयात नाही, इसरा नाही. बैलगाडीत त्यांचं सामान चढलं तेव्हा मी मुद्दाम तास घेत होतो. खिडकीतनं गाडी जाताना दिसली. मी पोरांना घडा काढायला सांगून फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो.

दिवाळीनंतर माझं तेरला लग्न झालं. नवी बायको फार गुणाची निघाली. आनंदात होतो म्हणायला हरकत नाही. पण आमचं कुलदैवत सोनारीचा काळभैरव. जोडीनं दर्शनाला जायचं म्हणून आई मागं लागली आणि मी तीन वेळा काही ना काही निमित्त काढलं. चौथ्या वेळी बायकोच म्हणाली, "देवाला कशापायी भिताव?" तिला काय सांगणार, की मी देवाला भीत नव्हतो.

दर्शन झालं. देवळामागंच शाळा होती, म्हणजे एक पडवी. आतून आवाज आला, "ओंदु, एरडु, मूरु." माझे पाय तिथंच थांबले. बायको म्हणाली, "हे कानडी कोण बोलतंय?" आणि ती सरळ आत गेली.

मास्तर वाळले होते. शेरवानी गेली होती, साधा सदरा होता, पण त्याचेही खिसे लोंबत होते. त्यांनी मला बघितलं, बायकोला बघितलं आणि तोंडभर हसले. "या, बाई, या. तेरला तुमचे पोहे खाल्लेत आम्ही." तिला बसायला पाट दिला. "जरा थांबा हं, एवढा धडा संपवतो."

समोर विसेक बारकी पोरं मांडी घालून बसली होती. मास्तरांनी पडवीबाहेर येऊन गोटा वर फेकला आणि झेलला. "वर गेला तवा थांबला का?"

"थांबलाऽऽ!"

"मग खाली का आला?"

पुढच्या ओळीतली एक शेंबडी पोरगी म्हणाली, "वडतंय की त्येला खालनं."

"वर थांबला तवा बी?"

"तवा बी. सोडतंय कुटं?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. पण मला राहवेना. मी एवढा मोठा माणूस, नवी बायको शेजारी, वीस पोरं समोर, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हणालो, "मास्तर, मला त्या दिवशी येत होतं उत्तर."

"मला ठाऊक न्हाय व्हय?" ते म्हणाले. "म्या शिकवलं होतं की."

बायको घाबरून एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लपलेलं बी ठाऊक होतं. ही बाई तिकडं वाट बघत बसली होती. तेरला म्याच तर सगळं मांडून आलो होतो." मग इतका वेळ हेच काम खोळंबलं होतं अशा आवाजात म्हणाले, "आता आलाताव तर एवढं करा. पोरांना फळ्यावर काढून द्या. माझी रेघ अजून वाकडीच येती."

मी खडू घेतला. उभी रेघ काढली, खाली माणूस काढला, वर टोकाला दगड काढला. पोरं मागून "दगूड, दगूड" करत होती. दगडाशेजारी मी बत्तीस लिहिलं, आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण काढला. आकडा काही धड आला नाही. मी बाजूला सरलो.

मास्तर फडकं हातात घेऊन फळ्यापाशी आले. माझ्या बत्तीसाकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. मग फडकं खांद्यावर टाकलं आणि पोरांना म्हणाले, "हे पुसायचं न्हाय. उद्या बी लागंल."